तरोट्याची चांदी

गांधीबागेतल्या केमिकलच्या दुकानात नत्थूजींनी सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली काउंटरवर ठेवली आणि बिलाचं पुस्तक ओढायचं सोडून चक्क हात जोडले. इतक्या वर्षांत या माणसानं सरिताला कधी बसायला स्टूलसुद्धा दिलं नव्हतं. "मॅडम, एक शिशी आमच्याकडेही द्या ना. घरच्यांचे गुडघे लय दुखून राहिले," ते म्हणाले. "पेपरात वाचलं आम्ही. आमच्या दुकानातली चांदी न तुमची तुळस!" सरिताच्या अंगातून काहीतरी सर्रकन गेलं. उन्हाचा झटका म्हणावा तर दुकानात कूलर चालू होता. गुडघ्यासाठी नाही हो ते, ती म्हणाली, आणि तुळस तर नाहीच नाही. "मंग कायच्यासाठी आहे?" नत्थूजींनी साध्या मनानं विचारलं, आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉक्टर सरिता लहानूजी गजभिये यांना त्याचं एका वाक्यात उत्तर देता येईना. काचेच्या ताटलीतल्या जंतूंसाठी, असं ती शेवटी पुटपुटली. नत्थूजी कौतुकानं हसले. थोर माणसं अशीच नम्र असतात, असं त्यांना वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्या कौतुकाचा तिला असा काही संताप आला की उरलेले सुटे पैसे न घेताच तिनं बाटली पर्समध्ये टाकली. तेवढ्यात भावाचा, विक्कीचा, फोन आला. "ताई, कुठं आहे तू? बाबा सही नाई देऊन राहिले. डॉक्टर म्हणते, आज गुडघ्याखालून पाय काढला नाई तं उद्या मांडीतून काढा लागन, न उद्याचाही भरवसा नाई. न बाबा म्हणते, माह्या पोरीची दवा आहे, माह्या पायाले कोणी हात लावाचा नाई."

तोंडाला ओढणी गुंडाळून ती स्कूटीवर सदर भागातल्या हॉस्पिटलच्या दिशेनं निघाली. सिग्नलवर महानगरपालिकेनं सावलीसाठी ताणलेल्या हिरव्या जाळीखाली सगळ्या दुचाक्या दाटीवाटीनं उभ्या होत्या, आणि त्या गर्दीत, हेल्मेटाच्या आत, ती मोठ्यानं एक शिवी हासडून मोकळी झाली. शिवी कोणाला होती हे तिलाही धड सांगता आलं नसतं. पेपरवाल्याला असेल, ऋषिकेश सरांना असेल. विभागप्रमुख ऋषिकेश सरांनीच त्या पेपरवाल्या पोराला बोलावून बातमी दिली होती. "तरोटा कोणाला कळतो हो, मॅडम? तुळस म्हटलं की घराघरांत पोचतं," असं म्हणून त्यांनी तिच्या कामातलं झाडच बदलून टाकलं होतं, जसं काही झाड म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरचं चित्र. दुसऱ्या दिवशी मथळा आला: तुळशीच्या चांदीपुढे हट्टी जंतू शरण, नागपूरच्या कन्येची किमया. किमया म्हणे! पी हळद अन् हो गोरी! तरोटा, म्हणजे इतरांचा टाकळा, तिनं निवडला होता तो काही उगाच नव्हे. पावसाळ्यात त्यांच्या वस्तीत, जरीपटक्याच्या रिकाम्या प्लॉटवर, नालीच्या काठानं तो आपोआप उगवतो. त्याला कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, प्रदक्षिणा तर कोणीच घालत नाही. लहानपणी आषाढात आई त्याची कोवळी पानं खुडून आणायची आणि लसणावर परतून भाकरीबरोबर द्यायची. शेजारच्या कॉलनीतल्या मैत्रिणी नाक मुरडायच्या, त्यांच्या लेखी ते गवत होतं. पीएचडीच्या वेळी कोणत्या झाडावर काम करणार असं विचारलं तेव्हा सरितानं मुद्दाम, जरा आवाज चढवूनच, तरोटा म्हटलं होतं.

काम म्हटलं तर स्वयंपाकासारखं सोपं. वाळलेला पाला उकळायचा, गाळायचा, आणि त्या अर्कात चांदीचं द्रावण हळूहळू सोडायचं. बघता बघता रंग पालटतो, आधी पिवळसर, मग मधासारखा. चांदीचे कण इतके बारीक होतात की कण म्हणून दिसतच नाहीत, नुसता रंग दिसतो. पाल्यातले पदार्थ प्रत्येक कणाला वेढा घालून बसतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. चिकटले की गोळे होतात, गोळे झाले की खेळ खलास. हा मध जंतूंच्या ताटलीत टाकला की त्याच्याभोवती एक स्वच्छ गोल पडतो. महागड्या इंजेक्शनांना भीक न घालणारे, हॉस्पिटलातल्या जखमांमधून आणलेले माजलेले जंतू त्या गोलात पाय टाकत नाहीत. पहिल्यांदा तो गोल पाहिला तेव्हा तिनं ताटली उजेडाला धरली, आणि प्रयोगशाळेत एकटी असूनही ओढणी सारखी केली. गोल खरा होता, आजही खरा आहे. तिच्या कामात खोटं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट पाहायची राहिली होती. राहिली कसली, ठेवली होती. खारट पाण्यात, रक्तामांसाच्या पाण्यात हे कण तग धरतात का, ते तिला पाहायचं होतं आणि सर म्हणाले होते, ते पुढच्या रिसर्च पेपरात घेऊ, आत्ता गोल चांगला आलाय ना? तिनं तेव्हा दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. आपण तिसऱ्यांदा का बोललो नाही, हा प्रश्न सिग्नल सुटल्यावरही तिच्या डोक्यातून हलेना.

सदरच्या त्या हॉस्पिटलात बाबा उशीला टेकून ताठ बसले होते. लहानूजी गजभिये, रेल्वेतले निवृत्त फिटर, पंच्याहत्तरीचे. दाढी आजही रोजच्यासारखी घोटलेली. उजव्या पायावर लोखंडी कमान ठेवून तिच्यावर चादर टाकली होती, पण वास काही चादरीला आवरत नव्हता. होळीनंतर त्यांनी कूलर बसवायला काढला होता. कूलर बसवणं हे त्या घरात दरवर्षी फक्त त्यांचंच काम, विक्कीनं पान्याला हात लावलेला त्यांना खपत नाही. स्टँडची लोखंडी पत्री अंगठ्याखाली खोल घुसली आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. साखरेच्या आजारानं तळवे केव्हाच बधिर झाले होते; फरशीवर रक्त कोणाचं पडलं म्हणून तेच विचारत होते. मग जखम चिघळली, औषधं झाली, आणखी औषधं झाली. शेवटी जखमेतला पू तपासायला गेला आणि त्याच्या रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे आर, आर, आर, वरपासून खालपर्यंत. आर म्हणजे या औषधाला हा जंतू जुमानत नाही. शेवटचं एक उरलेलं औषध चालू होतं, पण ते किडनीला सोसत नव्हतं. तो रिपोर्ट पाहून सरितानं त्याच जंतूचा नमुना मागून घेतला होता, रीतसर, आपल्या प्रयोगशाळेत वाढवला होता आणि त्याच्यावर आपला मध सोडला होता. गोल पडला. आजवरचा सगळ्यात मोठा गोल. त्या संध्याकाळी घरी येऊन ती म्हणाली होती, बाबा, तुमच्या पायातले जंतू ताटलीत मेले. लहानूजींनी त्यातलं ‘ताटलीत’ गाळून बाकीचं वाक्य मनात जपून ठेवलं.

"आली का वं? सांग या साहेबाले," ते आता म्हणाले. "म्हणा, आमच्याकडे दवा आहे."

"आजोबा, ताटलीत मरणं वेगळं आणि पायात मरणं वेगळं," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. पण अडाणी माणसाशी बोलतात तसं शब्द मोजून मोजून बोलला, आणि ती स्वतः जे बोलणार होती नेमकं तेच त्याच्या तोंडून ऐकताना सरिताला त्याचाही राग आला. आज सगळ्यांचाच राग यायचा दिवस होता. संध्याकाळच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, त्यानंतर मी काही सांगू शकत नाही, असं तिला बाजूला घेऊन सांगून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले.

"बाबा, सही करा."

"नाई करत."

"ते औषध नाही आहे, बाबा. औषध व्हायले अजून लय बाकी आहे."

"काय बाकी आहे? जंतू माह्याच पायातले होते न? दवा तुहीच होती न? न मेले न? मंग बाकी काय राह्यलं?"

प्रश्न चोख होता. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकानंही तिला इतकं कोंडीत पकडलं नव्हतं. आणि हाच माणूस, हाच! ती आठ-नऊ वर्षांची असताना तापानं फणफणली होती, तेव्हा गल्लीतल्या एका बाईनं कळवळून तिच्या दंडाला मंतरलेला गंडा बांधला होता. बाबा ड्यूटीवरून आले, काळ्या ग्रीसच्या हातांनी तो गंडा तोडला, तिला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्यात नेलं. त्यांच्या घरात अंगारा नव्हता, नवस नव्हता, उपास नव्हता. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली त्या रात्री घरातले देव फडक्यात बांधून बाहेर काढले. त्यात देवीचा एक चांदीचा टाक होता, नखाएवढा, सगळ्या घरात चांदी म्हणून तेवढीच. आजीनं म्हणे तो दोन दिवस मुठीत धरून ठेवला होता. आजोबांनी तो सराफाला विकला आणि सहा वर्षांच्या लहानूसाठी पाटी-पेन्सिल आणली. ही गोष्ट बाबा दरवर्षी सांगत, आणि सांगून झाली की म्हणत, कोणी म्हटलं म्हणून मानाचं नाई, आपल्या डोळ्यानं पाहाचं. त्या वाक्यावर सरिता वाढली, शिकली, त्या वाक्याच्या जोरावर दोन जागी तोंडावर दार लागूनही तिसरीकडे नोकरीला लागली. आणि आता ज्याचं ते वाक्य घेऊन ती मोठी झाली होती तोच बाप तिच्या बाटलीला टाकासारखा कवटाळून बसला होता.

"तुम्ही मले देव करून राहिले, बाबा," ती एकदम म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाई वळून पाहायला लागली.

"देवाले कोण मानते? मी माह्या पोरीले मानतो."

"मलेही मानू नका!"

लहानूजींनी लोखंडी कमानीवरची चादर सारखी केली. मग हट्टी मुलासारखा चेहरा करून म्हणाले, "मले आराम आहे तुह्या दवेनं. मले मालूम आहे न."

"कोणत्या दवेनं?"

बाबांनी विक्कीकडे पाहिलं, विक्कीनं चपलेकडे. पाय चिघळायला लागला तेव्हाच तिनं एक शिशी घरी नेली होती, बाबांनी रंग पाहायला मागितला होता म्हणून. ती कपाटावर ठेवलेली तिनं पाहिली होती, पुढे तिच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. "बाबा म्हणे, लावून पाहू," विक्की हळूच म्हणाला. "आई लावून देत होती रोज. तुले सांगू नको म्हणे. तू नाई म्हणशीन म्हणून." सरिता उठली, जिना उतरली आणि स्कूटीला किल्ली लावली. तिला कधी नव्हे ती एक भलती आशा वाटायला लागली होती आणि त्या आशेची तिला मनापासून भीती वाटत होती. खरंच लागू पडत असेल तर? या सगळ्या शहाण्यांना खोटं पाडून, डॉक्टरला, सरांना, तिच्या स्वतःच्या शंकेला लाथाडून तो पाय वाचणार असेल तर? जरीपटक्याच्या बाजारात भाजीचे ठेले रस्त्यावर आले होते, एकानं तिच्यावर ओरडून घेतलं, तिला ते नंतर ऐकू आल्यासारखं वाटलं.

आई, इंदूबाई, अंगणात न्हाणीपाशी बसली होती. सत्तरीची असेल, रडून झाल्यावर तोंड धुतलेलं दिसत होतं. लेकीनं विचारल्यावर तिनं काहीही लपवलं नाही, उलट सगळं नीट मांडून दाखवलं, पाहुण्यांना वाढून दाखवावं तसं. पांढरं प्लास्टिकचं घमेलं, खड्याच्या मिठाची बरणी आणि ती शिशी. "पहिले कोमट पाणी घ्याचं," इंदूबाई म्हणाली. "त्याच्यात मूठभर मीठ. जखमेले मिठाचं पाणी चांगलं राह्यते, माह्या मायनं आम्हाले तसंच धुतलं. न मंग त्या पाण्यातच तुही दवा टाकत होतो, झाकणभर. पाय तेवढा धुतल्या जाते न दवा वायाही नाई जात. सगळी बाटली संपली असती तं तुले कळलं असतं ना."

"मिठाच्या पाण्यात?"

"हाव. न लय जोर आहे वं तुह्या दवेत. टाकल्याबरोबर पाणी दुधासारखं होते, मंग राखेसारखं, न खाली बसते सारं. मी म्हणे, पाहा, लागू पडली."

सरिता घमेल्याजवळ उकिडवी बसली. तळाला करड्या राखेचा एक पातळ थर वाळून चिकटला होता. नखानं खरवडला तर निघाला. हीच ती चांदी. मिठानं पाल्याचा वेढा तोडला होता, कण एकमेकांना चिकटून गोळे होऊन तळाशी बसले होते, आणि बाबांचा पाय आठवडेच्या आठवडे त्या मेलेल्या चांदीच्या गढूळ पाण्यात बुडवून ठेवला होता. त्यांना आराम वाटत होता म्हणे. ज्या पायाला पत्री घुसलेली कळली नाही त्या पायाला आराम कळत होता! तिला आधी हसू फुटलं, मग ती तशीच, घमेल्याच्या कडेला धरून, गदगदून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चुकलं का वं माह्यं काही, असं दोनदा विचारत राहिली. नाही, सरिता म्हणाली, तुझं नाही चुकलं. मग मनात एक बारीक, चिकट विचार आलाच. बिनमिठाच्या पाण्यात लावली असती तर? अजूनही एक दिवस मागून घेतला तर? शिशी अर्धी शिल्लक होती. पण जखमेतला पू खारट असतो, रक्त खारट असतं, माणूस आतून सगळा खारटच असतो. आईनं न्हाणीपाशी जो प्रयोग रोज केला तो तिनं प्रयोगशाळेत करायचा होता आणि कोणी तरी ‘पुढच्या पेपरात’ म्हटल्यावर तो तिनं पुढे ढकलला होता. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, शिशी घेतली. आईनं विचारलं, घेऊन काहून चालली? ती म्हणाली, दाखवाले.

वॉर्डात परत आली तर खाटेपाशी ऋषिकेश सर उभे. हातात फुलांचा गुच्छ, मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात, पण इथे तुरी पेरल्याही नव्हत्या आणि जेवणाचं आमंत्रण गेलं होतं. "या, मॅडम! बाबांचं कळलं, म्हणून धावत आलो," सर म्हणाले. ते मनापासून म्हणत होते, तीच तर पंचाईत होती. "आणि बाबांचा निर्धार ऐकून मला भरून आलं. संशोधिकेचे वडीलच पहिले रुग्ण! रीतसर परवानग्या मी मिळवतो, समितीशी बोलतो. आत्ता फक्त एक फोटो, बाबांच्या हातात ती बाटली देऊन." आणि लहानूजींनी खरंच हात पुढे केला. केस सारखे केले, खांदे सरळ केले, फोटोसाठी. त्या सरळ केलेल्या खांद्यांकडे पाहून सरिताला वाटलं, आता जर आपण गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसावं लागेल. हे काम हातचं जाईल, सर उद्यापासून बोलणार नाहीत, पुढच्या प्रकल्पावर नाव राहणार नाही, हे सगळं तिला लख्ख दिसत होतं, आणि ते दिसूनही ती सिस्टरच्या टेबलाकडे वळली.

तिनं सिस्टरकडून जखम धुवायच्या सलाईनची एक बाटली मागून घेतली. खाटेशेजारच्या कपाटावरचा काचेचा ग्लास धुतला, पुसला, आणि जेवणाच्या टेबलावर बाबांच्या पुढ्यात ठेवला. शिशीतला थोडा मध त्यात ओतला. खिडकीतून येणाऱ्या उन्हात तो सुरेख दिसत होता, कॅमेरेवाला आपण होऊन दोन पावलं पुढे आला.

"बाबा, ही माझी चांदी. ही ताटलीत जंतू मारते. खरं आहे, मी पाह्यलं आहे." मग तिनं सलाईनची बाटली उचलली. "न हे मिठाचं पाणी. तुमच्या रक्तात जेवढं मीठ आहे, तेवढंच याच्यात आहे. कमी नाही, जास्त नाही."

"मॅडम, हे इथे आत्ता कशाला?" सर म्हणाले. त्यांना कळलं होतं. तिनं ओतलं. मध दुधाळला, विरजल्यासारखा झाला, मग करडा पडला, आणि एकेक काळपट ठिपका तळाकडे निघाला. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा मान उंचावून ग्लासाकडे पाहत होती. डॉक्टर केव्हा येऊन उभे राहिले ते कोणाला कळलं नव्हतं.

लहानूजींनी ग्लास हातात घेतला, उजेडाला धरला, हलवला. रेल्वेत इंजिनाचा एखादा भाग हातात घेऊन ते असंच पाहत असतील. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, "आणखीन एकडाव."

"बाबा..."

"मी करतो. तू सोड."

तिनं दुसरा ग्लास ठेवला. शिशीतलं उरलंसुरलं त्यांनी स्वतः ओतलं, मग सलाईन स्वतः ओतलं, सुरकुतलेला अंगठा बाटलीच्या तोंडाशी धरून, बेताबेतानं. तेच झालं. त्यांचा चेहरा पडला, उतरला, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहणं सरिताला पाय कापलेला पाहण्याइतकं जड गेलं. आपणच या माणसाच्या हातातली काठी काढून घेतली, असं तिला वाटलं आणि तरी तिला नजर वळवायची नव्हती. तिनं वळवली नाही. "म्हणजे पायात गेल्याबरोबरच हे असं होत होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "हाव, बाबा," ती म्हणाली, "पायात जायच्या पहिलेच. घमेल्यातच." त्यांनी मान डोलावली. मग विक्कीकडे वळून, रोजच्या हुकमी आवाजात म्हणाले, "चश्मा दे. न पेन दे. उभा काय आहे गा?"

सही त्यांनी पूर्ण नावाची केली, वडिलांच्या नावासकट, वेळ घेऊन. डॉक्टर कागद घेऊन लगबगीनं गेले. जाताना ग्लासाकडे आणि मग सरिताकडे एकदा नीट पाहून गेले, आणि या वेळी त्या पाहण्याचा तिला राग आला नाही. ऋषिकेश सरांनी गुच्छ कुठे ठेवावा हे न सुचून तो कपाटावर आडवा ठेवला. "मॅडम, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इतक्या वर्षांचं काम एका ग्लासात बुडवलंत. हे आपल्याला विभागात बसून पाहता आलं असतं."

"दोनदा म्हटलं होतं मी, सर, विभागात बसूनच. तिसऱ्यांदा आज म्हणते." कॅमेरेवाला कॅमेऱ्याला झाकण लावत होता. सरिता त्याच्याकडे वळली. "थांबा. फोटो काढायला आलात ना? या ग्लासाचा काढा. जवळून काढा, तळ दिसू द्या. आणि खाली लिहायला सांगा, की ही चांदी माणसाच्या रक्तात टिकत नाही, अजून तरी नाही, कोणी मागायला येऊ नका. माझं नाव घाला. आणि तुळस नव्हे, तरोटा. तरोटा लिहा." तो माणूस सरांकडे पाहायला लागला. "त्यांच्याकडे काय पाहता?" ती म्हणाली. "काम माझं आहे, चूकही माझीच आहे. काढा." आणि तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं झाकण पुन्हा काढलं, गुडघ्यावर बसला आणि फोटो काढला, एक, मग बाजूनं दुसरा.

स्ट्रेचर आलं. दोघा वॉर्डबॉयनी आणि विक्कीनं मिळून बाबांना उचललं. वजन इतकं कमी झालं होतं की विक्कीचा तोल जाता जाता राहिला. लांब कॉरिडॉरमधून चाकं खडखडत निघाली, सरिता कडेला हात धरून भरभर चालत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, माफ करा असं काही, आणि ते शब्द घरात कधी वापरलेले नसल्यामुळे तोंडात बसत नव्हते. लहानूजी वर छताकडे पाहत होते. ओठ हलत होते. आई इथे असती तर तिला वाटलं असतं, त्रिशरण म्हणताहेत. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा त्यांनी तिच्या मनगटाला धरून तिला खाली ओढलं. पकड अजूनही फिटरचीच होती.

"सरू, मी विचार करून राहिलो," ते म्हणाले. "रक्त तं खारटच राहीन. ते काई कोणाच्यानं बदलत नाई. तुले तुही चांदीच बदलावी लागन."

"बदलतो, बाबा," सरिता म्हणाली, इतक्या मोठ्यानं की कॉरिडॉरमधली सगळी माणसं वळून पाहायला लागली.